दगडांनी भरलेली होडी

२ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बस, वर अर्धा तास तंगडतोड. तळं आहे, घर आहे, वन्सं आहेत आणि तिघंही गप्प.

गप्प माणसांची मला पहिल्यापासून धास्ती. बत्तीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केली. जो दुकानदार मला बघून आरडाओरडा करायचा त्याचा काटा बहुतेक वेळा चोख निघायचा. जो हसून खुर्ची पुढे करायचा, त्याच्या तागडीला खालून हमखास काहीतरी चिकटवलेलं असायचं. वन्संनी दारातच माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चहा ठेवला. साखर अर्धा चमचा, दूध नावाला. अगदी मला लागतो तसा. हिला कोणी सांगितलं?

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. हे गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हा आल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, निघून गेल्या. आणि गेल्या आठवड्यात अचानक पत्र: ‘वहिनी, होडी दादाच्या नावावर आहे. तिचं काय ते पंधरा तारखेच्या आत करायला हवं. नंतर तळं बंद. राहायलाच या.’ संपलं पत्र. बाईंचा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला, पण चार शब्द काही बांधता येत नाहीत.

होडी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेली. जाताना त्यांनी घर मुलीला दिलं, होडी मुलाला. म्हणजे आता माझी. ह्यांचं असं माझ्याकडे उरलंय काय? दोन कोट, एक चष्मा आणि ही होडी. कोट मला होत नाहीत, चष्म्याचा नंबर वेगळा. होडी मात्र मी कोणाच्या घशात जाऊ देणार नाही. तेवढ्यासाठी आलेय.

३ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सरळ विषयालाच हात घातला. “होडी कुठे आहे?”

“पाण्यात.”

“बघू या?”

“अजून नाही. व्हायचीय.”

काय व्हायचीय? होडी म्हणजे काय बटाटा आहे, उकडायला टाकलाय? पण वन्सं उठून खळीचं भांडं शेगडीवरून उतरवायला गेल्या होत्या. त्यांची पुढची खोली म्हणजे नुसती पुस्तकं. उसवलेली, सुटी झालेली, नवी पाठ लावून फळ्यांमध्ये दाबून ठेवलेली. फळ्यांवर दगड. विचारलं, हे किती दिवस असंच ठेवायचं? तर म्हणाल्या, “होईपर्यंत.” या बाईकडे घड्याळ नाही वाटतं. खरं तर असायला हवं. पण तो विषय नंतर.

दुपारी म्हणाल्या, “चला, तळ्यावर एक चक्कर मारू. दादा याच वेळेला जायचा.” धक्क्यावरच्या होडीवाल्याकडून एक पांढरी होडी भाड्याने घेतली. मी नको म्हणणार होते. पण संशयिताला नजरेआड होऊ देऊ नये, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. बसले.

वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो, हे मला या वयात कळलं. वन्संचं तोंड माझ्याकडे, पाठ समोरच्या पाण्याकडे. म्हणाल्या, “पुढचं तुम्हाला दिसणार. सांगत राहा.”

“आणि मी चुकीचं सांगितलं तर?”

“तर आपटू.”

तळ्यावर दुसरं कोणी नव्हतं. काठावरची झाडं निम्मीअर्धी रिकामी. पिवळी पानं पाण्यावर पडून होती, होडी आली की बाजूला सरायची आणि मागे पुन्हा जागेवर यायची. अंगावर ऊन, पाय गार, वल्ह्याचा तेवढा आवाज. मी म्हटलं, “डावीकडे घ्या, फांदी आहे,” आणि होडी निमूट डावीकडे वळली. माझ्या एका शब्दावर आजवर कोणी इतकं गुपचूप वळलेलं नाही. तासभर कुठे गेला कळलं नाही.

हे दर वर्षी याच दिवसांत चार दिवस इथे यायचे. निघताना विचारायचे, “चल ना, मजा येते.” मी म्हणायचे, मजा कशात मोजतात ते सांगा, मग येते. वर्षअखेरीच्या तपासण्यांचे दिवस असायचे, रजा कुठली! आणि बहीणभाऊ मिळून माझ्याविरुद्ध काय शिजवतात ते ऐकायला मी कशाला जाऊ?

मजा आली आज. खोटं कशाला लिहू? आणि म्हणूनच संशय जास्त आला. माणूस खुशीत असला की न वाचता सही करतो.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सापडली! आणि कशी सापडली ते लिहूनच ठेवते.

वन्सं बांधलेली पुस्तकं पोचवायला गावात गेल्या होत्या. मी घरामागच्या शेडपासून सुरुवात केली. शेड रिकामी. शेडमागे वेताच्या गर्दीत गुडघाभर पाणी आहे. तिथे आपली होडी पाण्याखाली. बुडवलेली! नुसती बुडालेली नव्हे, नीट बुडवलेली. आत दगड रचून ठेवलेत, एकमेकांना न घासता, मधे पोती घालून. अपघाताने दगडांखाली पोती येत नाहीत.

दगड मोजले. सतरा. माझा कमानीचा काटा पिशवीत असतोच. वरचे चार वजन करून पाहिले, सगळ्यात हलका सहा किलो दोनशे. प्रत्येकावर खडूने आकडा टाकला.

आता सगळं लख्ख दिसतंय. होडी मुद्दाम कुजवायची. मग मला म्हणायचं, वहिनी, होडी तर गेली, आता इथे तुमचं काय आहे? ‘अजून व्हायचीय’ म्हणे! इथे पाणी मुरतंय हे मला दारातच कळलं होतं.

संध्याकाळी वन्संनी विचारलं, “बूट ओले कसे?” मी म्हटलं, दव. चार वाजता कसलं दव! त्यांनी बूट शेगडीजवळ नेऊन ठेवले.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

होडीवाल्याला आडून विचारलं. हा म्हातारा चाळीस वर्षं धक्क्यावर आहे, त्याला सगळ्यांच्या होड्या ठाऊक. म्हटलं, आमची होडी दिसली नाही कुठे.

“ती होय? पाणी पितेय. पिऊ द्या. दोन वर्षं कोरडी पडली होती बिचारी. आठ-दहा दिवस तरी लागतील.”

म्हणजे हाही सामील. आणि वर ‘बिचारी’! आठ-दहा दिवसांत पंधरा तारीख येतेच. लाकूड पाण्यात सडतं हे शाळेतल्या पोराला कळतं, हा पठ्ठ्या मला शिकवतोय.

वन्संची पाठ वळताच गेले. सतराच्या सतरा दगड काढून काठावर ठेवले, पत्र्याच्या मगाने पाणी उपसलं. कंबर मोडून गेली, पण होडी वर आली. वरच्या फळ्या उन्हात वाळायला लागल्या. सासऱ्यांनी त्यांवर कोरलेली वेलबुट्टी अजून आहे. मी त्यावरून हात फिरवला. ह्यांचा हात इथेच टेकलेला असायचा, असं उगाच वाटलं.

७ नोव्हेंबर, शनिवार

दगड पुन्हा आत! सतरा. होडी पुन्हा पाण्याखाली.

पुन्हा काढले.

नाश्त्याला वन्संनी अंडी उकडली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मऊ हवं ना, चार मिनिटांचं?” हेही माहीत! माझ्यावर पाळत होती की काय इतकी वर्षं? मी म्हटलं, चालेल. त्या म्हणाल्या, थंडी वाढलीय. मी म्हटलं, हो ना. दगडाचा विषय कोणीच काढला नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा आत. या बाईचं वय साठ, वजन असेल पन्नास किलो. पहाटे उठून एवढे दगड वाहते कशी?

मीही काढलेच. माझी बोटं सोलली आहेत.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज गेले तर होडी बुडालेली, दगड आत, आणि काठावर एका फळीवर जाड कापडी हातमोजे. नवे. माझ्या मापाचे.

मी तिथेच उभी राहिले, चोरी करताना सापडल्यासारखी. चोर ती आणि लाज मला! हातमोजे म्हणजे टोमणाच, दुसरं काय? ‘काढा हो, कितीही काढा.’ मी हातमोजे घातले नाहीत आणि दगडांनाही हात लावला नाही. समोरच्याने स्वतःहून वजन काट्यावर ठेवलं तर आधी हात मागे घ्यावा, हे मी नव्या निरीक्षकांना शिकवायचे.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच आहे.

परत येताना शेडमध्ये डोकावले. खुंटीला ह्यांचा जुना होडीवर घालायचा कोट. तिसरा कोट! मला माहीतच नव्हता. खिशात हात घातला, सवयीने. हाताला साखळी लागली. सासऱ्यांच्या घड्याळाची चांदीची साखळी. शेवटची कडी उघडलेली, घड्याळ नाही.

आता तो विषय लिहितेच. अकरा वर्षांपूर्वी सासरे इथेच गेले, त्याच दिवशी त्यांचं खिशातलं घड्याळ गायब झालेलं. शेवटपर्यंत शुश्रूषा वन्संनी केली, चाव्या वन्संकडे. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, “वन्सं, तुमची पिशवी उघडा.” त्यांनी उघडली. दोन साड्या, चष्मा, अर्धं शिवलेलं पुस्तक, सुईदोरा. घड्याळ नव्हतं. मी म्हटलं, मग दुसरीकडे ठेवलं असेल. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, आज उघडली. यापुढे मी तुम्हाला कशाचाही खुलासा देणार नाही.” त्यानंतर हे जाईपर्यंत आमच्या घराची पायरी चढल्या नाहीत. हे मूग गिळून बसले होते, भिंतीकडे तोंड करून. बहिणीची बाजू घेतली नाही, माझीही नाही.

आणि आज साखळी मिळाली, वन्संच्याच शेडमध्ये! उद्या काही निघालंच तर मेलेल्या भावावर ढकलायला त्याच्याच कोटात ठेवली. केवढी पोचलेली बाई! साखळी माझ्या पर्समध्ये, रुमालात बांधून ठेवलीय. हा पुरावा मी योग्य वेळी काढीन.

हे गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या कोटाला अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतो. असो.

१० नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी पुन्हा तळ्यावर, भाड्याच्या होडीतून. धुकं होतं. पलीकडचा काठ नाही, अलीकडचाही नाही. ‘उजवीकडे’, ‘सरळ’ असं मी सांगत होते ते निव्वळ अंदाजाने, आणि वन्सं एकदाही मागे वळून न बघता वल्हवत होत्या. इतका भरवसा ठेवणाऱ्या माणसाच्या मनात नक्कीच काहीतरी असतं.

तळ्याच्या मध्यावर एक बांबू रोवलेला आहे, तिथे खडक वर आलाय म्हणून खूण. मी मुद्दाम विचारलं, “किती वाजले असतील हो, वन्सं?” त्यांनी वल्ही थांबवली. बांबूजवळच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दादाला कोणी वेळ विचारलेली आवडायची नाही, आठवतंय?”

आठवतंय ना. घरात भिंतीवरच्या घड्याळाखाली बसूनसुद्धा वेळ विचारली की उठून जायचे. मी समजायचे, बायकोने काही विचारलेलंच आवडत नाही. पण हिने तो विषय का काढला? खाई त्याला खवखवे!

तशातही धुक्यातून जाताना फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते. उद्या कोणाला वाटायला नको की मी नुसतीच कुरकुरत होते.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

निळं पाकीट बघितलं. वन्सं दोन दिवस ते खणातून काढतात, आत ठेवतात. त्या सरपण आणायला गेल्या तेव्हा खण उघडला. छापील अर्ज आहे. खाली पेन्सिलने फुली आणि शेजारी ‘वहिनींची सही’. वरचं वाचणार तेवढ्यात पाऊल वाजलं.

वन्सं दारात सरपण घेऊन उभ्या. मी खणाशी.

“शनिवारी लागेल ती सही,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या काठावर तळ्याचं कार्यालय आहे, तिथे. शनिवारीच उघडतं. होडी घेऊन जावं लागतं.”

“कुठली होडी?”

“आपली.”

“ती तर—” मी जीभ चावली.

“ती होईल तोवर,” म्हणाल्या आणि सरपण रचायला बसल्या.

आता डाव पूर्ण कळला. सडवलेल्या होडीतून मला तळ्याच्या मध्यावर न्यायचं. मला पोहता येत नाही, हेही ह्यांनी सांगितलं असेलच.

मग जाऊ नको ना, असं माझं मलाच म्हणून बघितलं. पण नाही गेले तर पंधरा तारीख टळते आणि होडी जाते. ह्यांची होडी. जाणार.

१४ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

मी परत आले नाही तर ही वही ज्याला सापडेल त्याने ती नीट वाचावी. होडीवाल्याच्या हाती देऊ नये, तो सामील आहे. दगडांची वजनं शेवटच्या पानावर लिहिली आहेत.

वन्संनी आणि होडीवाल्याने मिळून दगड काढले, पाणी उपसलं. होडी धक्क्याला लागली आहे. गर्द तपकिरी दिसते, जड, चकचकीत. वन्सं मला म्हणाल्या, “पायात लोकरी मोजे घाला.” कशाला? बुडणाऱ्या माणसाला मोजे कशाला?

त्याच दिवशी, संध्याकाळी

आहे. जिवंत आहे. घडलं तसं लिहिते, माझ्या बाजूने काही न वळवता.

अकराला निघालो. ऊन स्वच्छ, वारा नाही, तळं आरशासारखं. वन्सं वल्ह्यावर, मी समोर, पर्स मांडीवर. होडी पांढरीपेक्षा जड, पण एकदा गती घेतली की थांबायचं नाव नाही. तळाशी टिपूस नव्हता. मी तर वाकून वाकून बघत होते. बांबू दिसायला लागला आणि माझा मोजा गार पडला. उजव्या अंगाने, वरच्या एका फळीच्या सांध्यातून पाणी आत ओघळत होतं.

“आलं!” मी ओरडले. “पाणी आलं! वन्सं, हेच ना? हेच करायचं होतं ना तुम्हाला?”

वन्संनी वल्ही आत घेतली, फळीकडे वाकून बघितलं, आणि बाकाखालचा पत्र्याचा मग माझ्या हातात दिला. “उपसा. सवय आहे तुम्हाला.”

मी उपसायला लागले. दुसरं काय करणार?

“वरून तिसरी,” त्या म्हणाल्या. “तळाच्या सगळ्या बसल्या. वाळलेलं लाकूड असतं वहिनी, फटी पडतात. पाण्यात बुडवून ठेवलं की फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. तरंगून वर येऊ नये म्हणून दगड. तुम्ही तीन दिवस तिला वर काढून उन्हात ठेवलंत, तेवढी एक फळी राहिली.”

माझा हात मगासकट थांबला. “मग सांगायचं नाही का मला?”

“सांगितलं असतं तर पटलं असतं?”

मी विचार केला. “नसतं.”

“मग.”

पण मी तशी सहजासहजी हरणारी नाही. पर्स उघडली, रुमाल सोडला, साखळी त्यांच्यासमोर धरली. “आणि ही? ही तुमच्या शेडमध्ये कशी?”

वन्संनी साखळीकडे बघितलं. हात पुढे केला नाही. “माझ्या कुठे? दादाच्या कोटात होती ना?” मग वल्ह्याच्या टोकाने बांबूच्या बाजूचं पाणी दाखवलं. “घड्याळ इथे आहे. खाली. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी पडलं. बाबांनीच त्याला दिलं होतं, घालून फिरून ये म्हणून. अडकलेलं वल्हं सोडवायला वाकला आणि कडी उघडली. दर वर्षी येऊन इथे थांबायचा. वेडा.”

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, “मग त्या दिवशी... ते बोलले का नाहीत?”

“तुमच्यासमोर?”

एवढंच म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होत्या. मग वल्ही पुन्हा पाण्यात घालत म्हणाल्या, “तो सांगणार होता. मीच डोळ्यांनी नको म्हटलं. वहिनी, तुम्हाला संशय घ्यायला कोणीतरी लागणारच होतं. मी लांब राहते, मला काय फरक पडतो! त्याला तुमच्याबरोबर त्याच घरात राहायचं होतं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी दिली. अकरा वर्षं देत होते. आणि आमच्या घरात तर चोर असा कोणी नव्हताच. माझा नवरा मला घाबरून इथे येऊन पाण्याकडे बघत बसायचा, आणि बहिणीला सांगायचा काय? तर मला चहात साखर किती लागते, अंडं किती मिनिटांचं लागतं. माझ्याविरुद्ध शिजत होतं ते हे!

मी रडायला लागले. मोठ्याने, पोरीसारखी. तो पत्र्याचा मग मांडीवर ठेवून रडले.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “पाणी आधीच पुष्कळ आहे. उपसा.”

उपसलं. रडत उपसलं, उपसत रडले आणि मधेच ‘डावीकडे घ्या’ म्हणत राहिले, कारण पुढचं मलाच दिसत होतं. वन्सं एकदाही वळून न बघता वल्हवत होत्या. पलीकडच्या धक्क्याला लागलो तेव्हा माझ्या हातात मग धरायचं त्राण नव्हतं. फळी बरीच मिटत आली होती.

कार्यालय म्हणजे एक खोली, एक टेबल, एक निरीक्षक. तरुण, नाकावर चष्मा, हातात पट्टी. होडीभोवती फिरला, ठोकून बघितलं, आत वाकला. मी आयुष्यभर जशी वाकायचे तसाच. म्हणाला, “आत पाणी आहे. ही गळते का?”

वन्सं गप्प. त्या खुलासा देणार नाहीत, हे मला माहीत होतं. होडी नापास झाली तर पुढच्या वर्षी तळ्यावर येणार नाही, मोडीत जाईल, हेही भिंतीवरच्या सूचनेत ठळक लिहिलेलं होतं.

“गळते,” मी म्हटलं. “उजवीकडची, वरून तिसरी फळी. होडीचा दोष नाही. ती भिजत घातली होती, ती मी उपसून वाळवली. यांना न विचारता. तीन वेळा. दोष माझा आहे, तसा लिहून घ्या.”

निरीक्षकाने आपली वही वरखाली चाळली. “असा रकाना नाही आमच्याकडे.”

“मग समासात लिहा! समास कशाला असतो?”

त्याने खरंच लिहिलं. आणि शेरा मारला: मार्चपर्यंत फळी दुरुस्त करावी, तोवर पास. मग वन्संनी निळं पाकीट काढलं. मी म्हटलं, “वाचल्याशिवाय सही करणार नाही हं. कोणीही असो.”

“वाचा की. मी थांबते,” म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

दोनदा वाचलं. होडीची लांबी, रुंदी, लाकूड, बांधणाऱ्याचं नाव. मालकाचं नाव: तिथे माझं नाव, वन्संच्या बांधीव अक्षरात, शाई केव्हाच वाळलेली. खाली तारीख होती. मला पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवसाची.

सही केली.

१५ नोव्हेंबर, रविवार

तळं आजपासून बंद. धक्क्यावर साखळदंड लागला. होडीवाला आपल्या पांढऱ्या होड्या उलट्या घालून ठेवत होता. मी त्याला म्हटलं, परवा मी मनात तुम्हाला बरंच बोलले, माफ करा. तो म्हणाला, “मनातलं कशाला सांगताय बाई, तिथेच असू द्या.” शहाणा माणूस आहे.

आमची होडी पुन्हा बुडवायची होती. हिवाळाभर पाण्याखाली राहिली की फुटत नाही, असं वन्संनी सांगितलं. न विचारता सांगितलं! मी पुन्हा विचारलं नाही, होडीवाल्याकडूनही खात्री करून घेतली नाही. म्हणजे तिकडे जायला निघाले होते, पण अर्ध्या वाटेतून परतले.

मी हातमोजे घातले. वन्सं होडीत पोती पसरत होत्या, मी काठावरून एकेक दगड उचलून देत होते. खडूचे आकडे कधीच धुऊन गेलेत. पाणी बुटांच्या वर यायला लागलं, होडी हळूहळू खाली बसायला लागली, वेलबुट्टीपर्यंत पाणी चढलं. बोलता बोलता काम चाललं होतं. म्हणजे मीच बोलत होते. हे झोपेत काय बरळायचे ते सांगितलं, तर वन्सं हसता हसता दगड पायावर पाडून घेणार होत्या. मार्चमध्ये फळी बसवायला मी येणार हेही ठरलं. कोणी ठरवलं ते आठवत नाही.

साखळी मी वन्संना देऊ केली. “नको, तुमच्याकडेच राहू द्या,” म्हणाल्या. “नाहीतर पुन्हा पिशवी उघडावी लागायची.”

मी मान खाली घातली. तर बाई हळूच माझ्याकडे बघत होती, आणि डोळ्यांत चक्क मिश्कील हसू.

शेवटचा दगड दिला आणि होडी पाण्याखाली गेली. दोघी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलो.

“किती झाले हो, वहिनी?” वन्संनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. “अगंबाई! मोजलेच नाहीत.”

“सतरा,” वन्सं म्हणाल्या. “मी मोजत होते. तुमचा काय भरवसा!”